सात बावन्नचं उद्यापन

माझं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. ते पुढे आहे हे मला माहितीये, घरात सगळ्यांना माहितीये, तरी गेली तीस वर्षं मी ते तसंच ठेवतो आणि दरवेळी मनातल्या मनात पाच वजा करून वेळ बघतो. लेक म्हणते, बाबा मग पुढे ठेवून फायदा काय? फायदा काहीच नाही. माझे बाबा ठेवायचे म्हणून मी ठेवतो. आता या पोस्टमध्ये मी कसा थोडाफार सुधारलो ते सांगणार आहे, म्हणून हे आधीच कबूल करून टाकलं, नंतर कुणी खाली येऊन विचारायला नको की घड्याळाचं काय.

तर मी डोंबिवलीकर, ईस्टचा. एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला. जून २००५ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे साडेएकोणीस वर्षं, मी सात बावन्नची फास्ट लोकल पकडली. टाइमटेबल बदललं की ती कधी सात पन्नास व्हायची कधी सात चौपन्न, पण आमच्या ग्रुपमध्ये तिचं नाव सात बावन्नच राहिलं, जसं गावात एखाद्याला सत्तरी आली तरी बाळ्याच म्हणतात तसं. पुढून तिसरा डबा, दुसरा दरवाजा. दोघंजण अंबरनाथहून बसून यायचे ते जागा धरायचे, ठाण्याला पहिली बॅच उठायची आणि दुसरी बसायची, मी दुसऱ्या बॅचमधला. ठाणे ते सीएसटी बसून. आता सीएसएमटी म्हणायचं पण आमच्यातल्या बँकवाल्या काकांच्या तोंडी तर अजून व्हीटी आहे.

आणि त्या सात बावन्नला बांधलेलं बाकी सगळं. पाच दहाचा गजर, पाच चाळीसला आंघोळ, सव्वासहाला चहा, चहात आलं नाही, साखर दोन चमचे सपाट, पूजा, पेपर, सात वीसला डबा हातात, सात अठ्ठावीसला चपला. डब्यात तीन पोळ्या आणि सुकी भाजी, बुधवारी मटकी. शनिवारी हाफ डे म्हणून घरी आल्यावर खिचडी. दरवर्षी मे महिन्यात गणपतीपुळे, तेच लॉज, तीच खोली, एकदा ती खोली मिळाली नाही तर मी तारीख पुढे ढकलली होती. ऑफिसात लोक म्हणायचे यांच्यावर घड्याळ लावून घ्या. मला लई भारी वाटायचं. माणसाला शिस्त पाहिजे, असं मी पोरीला किमान हजार वेळा ऐकवलं असेल.

ही शिस्त आली कुठून ते मला बरेच वर्षं कळलं नव्हतं, मला वाटायचं स्वभाव आहे. खरं म्हणजे ती एका रात्रीतून आली. नोकरी लागून दोन महिनेही झाले नव्हते आणि २६ जुलै उजाडला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा नंतर सगळ्यांना पाठ झाला, पण आम्हाला काय माहीत, ऑफिसातून चारला निघालो आणि गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. रुळावर पाणी, मोबाईल बंद, अंधार. अख्खी रात्र डब्यात काढली. त्या डब्यात मी कुणालाच ओळखत नव्हतो. बाजूच्या माणसानं उरलेला डबा उघडला, थंड गवारीची भाजी आणि दीड पोळी, आणि ती आम्ही चौघांनी खाल्ली. ते बँकवाले काका. सकाळी रुळांवरून चालत निघालो तेव्हा ते म्हणाले, तुम्ही डोंबिवलीचे ना, मग गाड्या सुरू झाल्या की सात बावन्नला या, पुढून तिसरा डबा. मी गेलो. आणि मग गेलोच. आत्ता मागे वळून बघताना वाटतं की मी गाडी नाही पकडली, मी ती गवारीची भाजी पकडून ठेवली होती. ओळखीची माणसं बाजूला असली की काही झालं तरी रात्र निघते, एवढाच त्यातला हिशोब.

म्हणून मला सवयींवर सरसकट तोंडसुख घेणारे लोक आवडत नाहीत. कम्फर्ट झोन सोडा म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की बाबा तू कधी पाण्यात अडकलायस का.

असो. लॉकडाऊनमध्ये लोकलच बंद झाल्या, मार्च २०२० ला. तुम्हाला वाटेल तेव्हा तरी सुटला असेल हा माणूस. छे. मी पाच दहाला उठायचो, आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून सात बावन्नला गॅलरीतल्या खुर्चीत बसायचो, ठाणं यायच्या वेळेला लॅपटॉप उघडायचो. लेकीनं त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये दोन डोस झालेल्यांना पास मिळायला लागला तसा पहिल्या आठवड्यात मी परत तिसऱ्या डब्यात. दीड वर्ष गाडी बंद असूनही काही फरक पडला नाही. हे पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

मग आला ३१ मे २०२४, शुक्रवार.

मध्य रेल्वेनं ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, आठवत असेल. ठाण्याचा पाच नंबर फलाट दोन-तीन मीटर रुंद करायचा होता आणि पुढे सीएसएमटीला दहा-अकरा नंबरचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी लांब करायचे होते, तीन दिवसांत मिळून नऊशेवर लोकल रद्द. पेपरात आठवडाभर येत होतं, ऑफिसनं मेल टाकला होता की शुक्रवारी घरूनच काम करा. आणि मी? मी सात बत्तीसला रस्त्यात होतो. मला माहीत होतं हो ब्लॉक आहे! पण पाय निघाले. आणि गंमत म्हणजे फलाटावर, आमच्या डब्याच्या जागी, बँकवाले काका आणि अजून एकजण उभे. तिघंही एकमेकांकडे बघून हसलो, कुणी काही बोललं नाही, इंडिकेटरकडे बघत दहा मिनिटं उभे राहिलो, कटिंग प्यायलो आणि आपापल्या घरी.

घरी पोचलो तेव्हा साडेआठ. लॅच माझ्या किल्लीनं उघडलं. गॅलरीतल्या माझ्या खुर्चीत ही बसली होती. पाय समोरच्या स्टुलावर, मांडीवर पेपर, शब्दकोडं चाललेलं, पेन तोंडात, बारीक आवाजात रेडिओ, आणि कठड्यावर कप. मी दिसलो आणि ती ताडकन उठून उभी राहिली. पेपर खाली पडला, एका हातानं पदर सावरला, दुसऱ्यानं रेडिओ बंद केला.

‘अहो, काय झालं? बरं नाही वाटत का?’

शाळेत इन्स्पेक्टर वर्गात शिरले की आम्ही उभे राहायचो ना, तसं. मी काही तिला कधी ओरडणारा नवरा नाही, आवाज चढवला असेल असे प्रसंग बोटावर मोजण्याइतके. मग ती उभी का राहिली? मी नुसता दारात उभा आणि मला पहिल्यांदा वास आला तो आल्याचा. मला चहात आलं चालत नाही, त्यामुळे १९९९ साली आमचं लग्न झाल्यापासून आमच्या घरात चहात आलं पडत नाही. असं मला वाटत होतं.

‘तुम्ही गेलात की माझा वेगळा करते मी.’

‘रोज?’

‘रोजच की. त्यात काय एवढं.’

त्यात काय एवढं म्हणून ती आत गेली, मला पोहे टाकायला. मी अकाउंट्सवाला माणूस, मी खुर्चीत बसून हिशोब केला. माझा गजर पाच दहाचा, म्हणजे तिचा चार पन्नासचा, कारण मी आंघोळीहून येईपर्यंत कणीक मळून तयार असते. मी नोकरीला लागल्यापासून सुट्ट्या वजा जाता साडेपाच हजार सकाळी तरी झाल्याच असतील. ज्या शिस्तीचं ऑफिसात कौतुक व्हायचं ती शिस्त रोज वीस मिनिटं आधी उठून कुणीतरी उभी करत होतं, आणि माझी पाठ वळली की तेवढ्या वेळापुरतं आपलं आलं घालून घेत होतं. एकदाही तक्रार नाही, हे तर अजूनच वाईट. तक्रार केली असती तर मी निदान भांडून तरी घेतलं असतं.

लगेच काही बदललं असं समजू नका हां. सोमवारी गाड्या सुरळीत झाल्या आणि मी सात बावन्नला हजर. फक्त डबा हातात घेताना थोडं अवघडल्यासारखं व्हायला लागलं.

मधे एकदा लेकीला हे सगळं सांगितलं, ती इकॉनॉमिक्स शिकते, तर तिनं मला लंडनची एक भन्नाट गोष्ट सांगितली. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या मेट्रोवाल्यांचा ४८ तासांचा संप झाला. पूर्ण बंद नाही, काही स्टेशनं बंद काही चालू, त्यामुळे लाखो लोकांना ऑफिसला जायला वेगळा रस्ता शोधावा लागला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या तीन संशोधकांनी प्रवाशांच्या स्मार्ट कार्डाचा डेटा तपासला, संपाच्या आधीचा आणि नंतरचा. तर साधारण पाच टक्के लोक संप मिटल्यावरही जुन्या रस्त्यानं परत गेलेच नाहीत. म्हणजे रोज जाणारी येणारी माणसं, आणि इतकी वर्षं चुकीच्या नाहीतर लांबच्या मार्गानं जात होती, आणि दोन दिवस रस्ता अडवला तेव्हा त्यांना कळलं! आणि त्यातला एक भाग असा की तिथला मेट्रोचा जो प्रसिद्ध नकाशा आहे, हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं काढलेला, १९३३ पासून चालू, सरळ रेघांचा, तो दिसायला सुंदर पण त्यात अंतरं खरी नसतात. जिथे नकाशातली अंतरं जास्त खोटी तिथले लोक जास्त फसलेले.

मी म्हटलं, म्हणजे ९५ टक्के परत गेले ना? मग मी त्यांच्यातला. ती म्हणाली बाबा, तुम्ही मुद्दा सोडून टक्केवारी बरोबर पकडता.

पण मुद्दा डोक्यात बसला होता. दीड वर्षाच्या लॉकडाऊननं मला काही झालं नाही आणि त्या एका शुक्रवारनं मात्र कुठेतरी चीर पडली, कारण लॉकडाऊनमध्ये सगळंच बंद होतं, दुसरा रस्ता दिसायची सोयच नव्हती. मी घरात होतो म्हणून ती खुर्चीतही नव्हती. नवीन काही दिसलं तर माणूस हलणार ना.

जानेवारी २०२५ ला आमचं ऑफिस फोर्टातून ऐरोलीला हलवलं. भाडं परवडेना म्हणे. महिनाभर आधी एचआरनं एक ट्रेनर आणला, बदलाला मिठी मारा वगैरे, त्यानं सगळ्यांना हाताची घडी घालायला लावली, मग म्हणाला आता उलटी घाला, बघा कसं वाटतं, हाच बदल. पन्नाशीतली दहा-बारा माणसं उलटी घडी घालून उभी, अर्ध्यांना जमेना. शेवटी एकेक मग दिला. माझ्या मगचा कान तिसऱ्या दिवशी तुटला. आता त्यात पेनं ठेवतो.

सात बावन्नमध्ये शेवटच्या दिवशी ग्रुपनं समोसे आणले. दसऱ्याला डब्यात पूजा करतो ना आम्ही, हार-झेंडूची फुलं-प्रसाद, तसाच एक हार माझ्या गळ्यात. जणू मी रिटायर होतोय. बँकवाले काका खरे रिटायर होऊनही अधूनमधून नुसते ठाण्यापर्यंत येतात, त्यांनी माझा खांदा दाबला फक्त.

आणि ऐरोलीच्या पहिल्या दिवशी काय केलं मी? पाच दहाला उठलो, सात बावन्न पकडली, तोच डबा, ठाण्याला उतरलो. इतक्या वर्षांत ठाण्याला मी कामाचा माणूस म्हणून कधी उतरलोच नव्हतो, ठाणं म्हणजे बसायला मिळण्याची जागा. तिथून नऊ-दहा नंबरच्या फलाटाला जाऊन ट्रान्सहार्बर, म्हणजे नवी मुंबईला जाणारी लोकल, मधे आता दिघा गाव हे नवं स्टेशन, मग ऐरोली. ऑफिसच्या दारात आठ चाळीस. ऑफिस उघडतं साडेनऊला. पायऱ्यांवर बसून राहिलो, वॉचमन म्हणाला साहेब, पहिला दिवस का? मी म्हटलं हो, आणि मग हे रोज. दोन आठवडे रोज पाऊण-पाऊण तास पायऱ्यांवर! आठ पंचवीसची गाडी पकडली असती तरी चाललं असतं, पण मग सात वीसला डबा कशाला लागला असता, आणि पाच दहाला उठायचं कशाला, आणि मग ही चार पन्नासला का उठतेय, असं एक काढलं की सगळी माळच ओघळत होती. मला ते दिसत होतं आणि तरी मी पायऱ्यांवर बसत होतो.

सुटका केली ती आजीच्या आठवणीनं. आमची आजी चातुर्मासात नेम धरायची. कांदेनवमीला सगळे भजी-थालीपिठं हाणायचे आणि मग चार महिने कांदा-लसूण-वांगं बंद, ते तर घरातच असायचं. पण त्याशिवाय तिचा स्वतःचा एक नेम, आणि तो दरवर्षी वेगळा. एका वर्षी जेवताना बोलायचं नाही. एका वर्षी दूध नाही. एका वर्षी पानावरच जेवायचं. इतका कडक की एकदा मामा गाडीतून पाणी न प्यायलेला आला तरी आजी मौन सोडून विचारेना. पण कार्तिकीनंतर उद्यापन! जो काही नेम तो सांगता करून सोडून द्यायचा, ज्याला बोलवायचं त्याला जेवू घालायचं, आणि चंपाषष्ठीला भरीत-भाकरी परत सुरू. मी लहानपणी विचारलं होतं, जमतंय तर कायम का नाही ठेवत? ती म्हणाली कायम ठेवला की तो नेम राहत नाही रे, खोड होते.

हे मला ऐरोलीच्या पायऱ्यांवर आठवलं. नेमाला आपल्याकडे उद्यापनाची सोय आहे, खोडीला नाही. माझे सगळे नेम उद्यापन न करता राहून गेलेले.

घरी जाऊन हिला म्हटलं, उद्यापासून डबा मी करणार आणि तू साडेसहाशिवाय उठायचं नाही. ती म्हणाली, बरं नाही वाटत का? पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं सात बावन्नचं उद्यापन आहे.

पहिले दिवस सांगण्यासारखे नाहीत. एकतर ती साडेसहापर्यंत झोपूच शकली नाही, चार पन्नासला डोळे उघडून पडून राहायची आणि स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला की आतून विचारायची, काय सांडलं? मी फोडणीत मोहरी टाकायचो ती तेल तापायच्या आधी, मग ती तडतडतच नाही, मग मी गॅस मोठा करायचो आणि मग एकदम काळी. तिनं चौथ्या दिवशी येऊन दाखवलं, एक दाणा टाकून बघायचा, तो उडाला की बाकीची टाकायची आणि लगेच गॅस बारीक. पंचवीस वर्षं ती फोडणी मी खाल्ली आणि हा एक दाणा मला माहीत नव्हता. पोळ्या तर विचारू नका. मी कणीक मळायचो ती विटेसारखी, मला वाटायचं घट्ट म्हणजे चांगली. ती म्हणाली, ‘सैल मळा हो, आणि झाकून वीस मिनिटं ठेवा. घट्ट कणकेची पोळी वातड होते.’ मी म्हटलं हा टोमणा आहे का? ‘नाही,’ ती म्हणाली, ‘कणीक आहे.’

आता व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे सांगतात की २१ दिवस केलं की सवय लागते. मी २२ व्या दिवशी वाट बघत होतो की आता आपोआप जाग येईल, उत्साहानं उठेन. काही नाही. लेकीला विचारलं तर म्हणाली ते २१ चं खरं नाही, माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० साली लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात, लोकांनी कमीत कमी गाळलं आणि आकडा ठेवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ लोकांवर १२ आठवडे अभ्यास झाला त्यात सरासरी ६६ दिवस आली, कुणाला १८ लागले आणि कुणाला हिशोबानं २५४ लागतील असं निघालं. मी अर्थातच २५४ वाला. पण त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की मधे एखादा दिवस खाडा झाला तर फारसं काही बिघडत नाही असंही त्यांना दिसलं. हे मला कुणी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. मी १०१ ताप असताना सात बावन्न पकडलेली आहे, केवळ खाडा नको म्हणून! गाडीत थंडीनं कुडकुडत उभा, आणि लोक वा वा करतायत.

फेब्रुवारीत एक दिवस ट्रान्सहार्बरचा काहीतरी घोळ झाला, ठाण्याला नऊ नंबरवर पाय ठेवायला जागा नाही. आधीचा मी असतो तर तिथेच कुढत उभा राहिलो असतो. त्या दिवशी मी मुलुंडला गेलो आणि ऐरोली पुलावरून जाणारी बस धरली, म्हटलं बघू काय होतंय. ओहोटी होती. पुलावर ट्रॅफिकमध्ये बस थांबली आणि खिडकीतून खाली बघतो तर चिखलात लांबपर्यंत एक फिकट गुलाबी पट्टा. आधी मला वाटलं प्लास्टिक आहे, खाडीत असतंच. मग पट्ट्याचा एक कोपरा उडाला.

रोहित. फ्लेमिंगो हो. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलंय, २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, हे सगळं मी पेपरात वाचलेलं, त्याच खुर्चीत बसून. हजारो किलो गुलाबी रंग माझ्या घरापासून तासाभरावर दरवर्षी येत होता आणि मी गणपतीपुळ्याची तीच खोली बुक करत होतो.

त्या रविवारी हिला घेऊन ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात गेलो, तिथून बोट सुटते. फोन करून वेळ विचारली तर तिकडचा माणूस म्हणाला कुठली तारीख? मी म्हटलं रोजची वेळ सांगा ना. तो हसला, रोजची वेळ नसते साहेब, भरतीवर असते. भरती दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्याप्रमाणे बोट. मला हे इतकं आवडलं! टाइमटेबल आहे, एकदम चोख आहे, पण ते रोज हलतं. बोटीत ही काठाला बसली होती आणि पक्षी जवळ आले तेव्हा तिनं काही न बोलता माझा दंड धरला. खाताना डोकं उलटं करून चिखलातून चोच फिरवतात ते, आणि ते जे खातात त्यातूनच तो गुलाबी रंग येतो. ही म्हणाली, म्हणजे जे खातो तसे दिसतो, मग तुम्ही मटकीसारखे दिसायला पाहिजेत.

यानंतर मला जरा चढलं. एकदम सगळंच बदलायला काढलं, डाव्या हातानं दात घासले, पलंगाची बाजू बदलली, नवीन रस्त्यानं भाजीला गेलो आणि मला कुठलाच भाजीवाला ओळखेना तर महाग भाजी घेऊन आलो. मार्चमध्ये इयर एंडिंग आलं आणि मी धाडकन जुन्यावर गेलो, पाच दहाचा गजर, मटकी बुधवारी, घरात कुणी बोललं तर वसकन अंगावर. तीन आठवडे ही परत लवकर उठून डबा करत होती आणि मला ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लक्षात आलं. लाज वाटली, पण त्याला मी खाडा म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी परत कणीक भिजवली. पलंगाची बाजू मात्र परत घेतली. बीपीची गोळीही रात्री नऊच्या ठोक्याला, त्यात काही सैल करायचं नाही असं डॉक्टरांचंही मत आहे. मे महिन्यात गणपतीपुळ्यालाच गेलो. खोली दुसरी होती, तिच्यातून समुद्र जास्त दिसतो.

ग्रुपची आठवण येते. महिन्यातून एकदा शनिवारी मुद्दाम सात बावन्न पकडतो, ठाण्यापर्यंत. माझ्या जागेवर आता एक हेडफोनवाला मुलगा उभा असतो, त्याला मी सांगितलं नाही की ती माझी जागा आहे. काकांनी सांगितलं बहुतेक, कारण मी आलो की तो हेडफोन काढतो.

परवा ऑफिसातून लवकर निघालो, पाचलाच घरी. लॅच उघडलं. गॅलरीतल्या खुर्चीत ही बसलेली, पाय स्टुलावर, रेडिओ चालू, कठड्यावर कप, घरभर आल्याचा वास. मी चपला काढल्या. तिनं मान वर करून बघितलं आणि परत पेपरात घातली.

‘आडवा सहा,’ ती म्हणाली, ‘तीन अक्षरी, हट्टी माणूस.’

मी दाराशीच उभा राहून विचार केला. ‘हेकट.’

तिनं एकेक अक्षर लिहून बघितलं. पाय स्टुलावरच होते.

‘बसतंय,’ म्हणाली. ‘चहा पातेल्यात आहे, गाळून घ्या.’